झोक्यापर्यंतचा रस्ता: बडोद्यातल्या बागांत दिव्यांग मुलांचा हक्क कसा मागावा

आमच्या भागातल्या एका बागेच्या फाटकात लोखंडी चकरी होती. गुरं आणि दुचाक्या आत शिरू नयेत म्हणून बसवलेली. माझी नात तेव्हा नऊ वर्षांची, व्हीलचेअरवर बसणारी. रखवालदार चांगुलपणानंच म्हणाला, "काका, बेबीला उचलून घ्या, खुर्ची मी वरून देतो." उचलली. पुढच्या आठवड्यात पुन्हा उचलली. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "आजोबा, आपण गच्चीवरच बसू." चार लोकांदेखत तान्ह्या पोरासारखं उचलून नेलेलं तिला नको होतं, आणि मला ते उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेलो. चकरीतली वाट २१ इंच, खुर्ची चाकांसकट २५ इंच. माझी नोकरी ड्राफ्ट्समनची. चार इंच कागदावर क्षणात सुधारता येतात. जागेवर सुधारायला आठ महिने लागले, आणि त्यातले पाच महिने मी चुकीच्या ठिकाणी चुकीचे अर्ज देत होतो. तुमचे ते पाच महिने वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी कायदा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा मुख्य कायदा. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगता धरल्या आहेत. म्हणजे हा विषय फक्त व्हीलचेअरचा नाही. स्वमग्न मूल, न दिसणारं मूल, ऐकू न येणारं मूल, स्नायूंच्या आजाराचं मूल, सगळी यात आली.

बागेच्या कामी पडणारी कलमं मोजकीच आहेत. कलम ३ म्हणतं की दिव्यांगतेच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही. कलम २ मधल्या व्याख्येनुसार 'वाजवी सोय' नाकारणं हाही भेदभावच. वाजवी सोय म्हणजे, समोरच्यावर अवाजवी बोजा न टाकता करता येण्यासारखा आवश्यक तो बदल. फाटकाची चकरी काढून बाजूला तीन फुटांची वाट ठेवणं यात बसतं की नाही, हे कुणीही सांगेल. कलम ४४ नुसार सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज पोचता-वापरता येण्याचे, नियम न पाळणाऱ्या नव्या बांधकामाला परवानगी देता येत नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही देता येत नाही. कलम ४५ जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी आहे: नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांत त्या सुगम्य करायच्या. नियम १५ जून २०१७ ला निघाले, मुदत जून २०२२ मध्ये संपली.

इथे एक आडवा प्रश्न हमखास येतो, मलाही आला: "बाग म्हणजे इमारत थोडीच?" याला दोन उत्तरं आहेत. एक, 'सार्वजनिक इमारत' या व्याख्येत विरंगुळ्यासाठी आणि मनोरंजनासाठी लोक वापरतात त्या इमारतीही आहेत, त्यामुळे बागेतलं स्वच्छतागृह, तिकीटघर, फाटकाचं बांधकाम सुटत नाही. दोन, आणि हे जास्त भक्कम, त्याच कलम २ मध्ये 'सार्वजनिक सुविधा आणि सेवा' अशी वेगळी व्याख्या आहे आणि तिच्यात विरंगुळ्याच्या व मनोरंजनाच्या सेवा स्पष्ट घातल्या आहेत. अशा सेवा सुगम्य करायला कलम ४६ ने दोनच वर्षं दिली होती. म्हणून अर्जात 'इमारत' हा शब्द एकटा कधी लिहू नका. 'सार्वजनिक सुविधा व सेवा' असं लिहा.

दुसरा आडवा प्रश्न प्रमाणपत्राचा. "चाळीस टक्क्यांचं सर्टिफिकेट आहे का?" नोकरीतलं आरक्षण आणि बऱ्याच योजना यांना चाळीस टक्क्यांची अट आहे. भेदभाव न होण्याला आणि वाजवी सोयीला ती नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात हे सांगितलं. तो परीक्षेत लेखनिक मिळण्याचा प्रश्न होता, पण तत्त्व तेच. कार्ड असेल तर झेरॉक्स जोडा, काम सोपं होतं. नसेल तर त्यासाठी अर्ज अडवून ठेवू नका.

आणखी एक निकाल हाताशी ठेवा. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतूडी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१७ च्या नियमांतला नियम १५ चा पहिला भाग कायद्याशी विसंगत ठरवला. कारण असं की कायदा सुगम्यता सक्तीची करतो, आणि त्या नियमानं उचलून घेतलेली मार्गदर्शक तत्त्वं मात्र 'करावं', 'असल्यास बरं' अशा भाषेत होती. किमान काही मानकं सक्तीचीच हवीत, असं न्यायालयानं केंद्राला बजावलं. तेव्हा "ही फक्त गाइडलाइन आहे" असं कुणी म्हणालं, तर या निकालाची तारीख सांगा.

भारतानं १ ऑक्टोबर २००७ ला संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांचा करार मान्य केला. त्याच्या तिसाव्या अनुच्छेदात खेळण्याचा हक्क इतर मुलांच्या बरोबरीनं, असं लिहिलेलं आहे. 'इतर मुलांच्या बरोबरीनं' हे शब्द मी प्रत्येक अर्जात घालतो.

एक माझं मत. महापालिकांच्या कायद्यात बागा आणि क्रीडांगणं ही ऐच्छिक कामांत मोडतात. पाणी-गटारासारखी बंधनकारक नाहीत. त्यामुळे "फंड नाही" हे उत्तर लगेच येतं. पण बाग करायची की नाही हे ऐच्छिक असेल, केलेली बाग कुणासाठी उघडी ठेवायची हे ऐच्छिक नाही. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये कमाटीबाग केली आणि १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. ज्या शहरानं 'सगळ्या मुलांसाठी' म्हणजे काय ते इतक्या आधी पाहिलं, तिथे फाटकापाशी मुलं निवडली जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

पहिली पायरी: जागा कुणाची ते ठरवा

माझे पाच महिने इथेच गेले. महापालिकेची बाग असेल तर अर्ज बाग-बगीचा शाखेकडे, आणि प्रत वॉर्ड ऑफिसला. मुख्य कचेरी खंडेराव मार्केटच्या इमारतीत आहे. शाळेचं मैदान असेल तर मुख्याध्यापक आणि शिक्षणाधिकारी. कलम १६ नुसार मान्यताप्राप्त शाळेनं खेळ आणि विरंगुळ्याची संधी बरोबरीनं द्यायची असते. सोसायटीचा कॉमन प्लॉट असेल तर चेअरमन-सेक्रेटरी. ठेकेदाराकडे चालवायला दिलेली बाग असली तरी मूळ मालकाकडेच तक्रार करा. ठेकेदार बदलतो, जबाबदारी बदलत नाही.

फाटकावरच्या पाटीचा फोटो काढून ठेवा. बाग कुणाची, याचा तो सगळ्यात स्वस्त पुरावा.

दुसरी पायरी: मोजा

"दिव्यांगांची गैरसोय होते" असं लिहिलेल्या अर्जाला "नोंद घेतली" असं उत्तर येतं. "वाट २१ इंच आहे, किमान ९०० मिलिमीटर हवी" असं लिहिलं की समोरच्या इंजिनियरला टेप घेऊन जागेवर जावं लागतं. माझा सगळा अनुभव या एका फरकात आहे.

टेप, पाणसळ आणि चार फुटांची सरळ फळी घ्या. फाटकाची मोकळी वाट ९०० मिलिमीटर, म्हणजे साधारण तीन फूट. खुर्ची वळवायला दीड मीटर बाय दीड मीटर, म्हणजे पाच फुटांचा चौक. उतार १ ला १२, याहून खडा नको. तो मोजायची कारागिरांची रीत सोपी आहे. फळी उतारावर लांबीच्या दिशेनं ठेवा, वर पाणसळ ठेवा, बुडबुडा मध्ये येईपर्यंत खालचं टोक उचला आणि फळी व जमीन यांतलं अंतर मोजा. चार फुटांच्या फळीला ते चार इंचांपर्यंत असेल तर उतार ठीक. सहा इंच भरलं तर तो उतार कागदावर पुरता रॅम्प, पण त्यावरून एकटं कुणी चढू शकत नाही. एक पायरी सहा इंचांची धरली तर तिच्या जागी सहा फूट लांब उतार लागतो. कित्येक ठिकाणी दीड फुटाची सिमेंटची घसरण करून काम झालं म्हणतात.

मग जमीन बघा. फाटकातून आत गेल्यावर खेळाच्या साहित्यापर्यंत घट्ट, सलग वाट आहे का? झोक्याखालची वाळू पडणाऱ्या मुलाला वाचवते, पण तिच्यात खुर्चीची पुढची लहान चाकं रुततात. रबरी फरशी महाग असते. निदान एका झोक्यापर्यंत तरी ती मागता येते. पावसाळ्यात एक फेरी जरूर मारा. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी वाट आपल्याकडच्या काळ्या मातीत जुलैत चिखल होते.

साहित्य बघताना मुलागणिक गरज वेगळी असते, हे लक्षात घ्या. पाठ आणि पट्टा असलेला झोका मान-कंबर न सावरणाऱ्या मुलाला लागतो. घसरगुंडी पत्र्याची असेल तर मे महिन्यात ती तव्यासारखी तापते, आणि ज्या मुलाच्या पायांना संवेदना नाही त्याला भाजलेलं कळतसुद्धा नाही. सावली किंवा वेगळी जागा मागा. प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर स्थिर वीज तयार होते, तिनं कॉक्लिअर इम्प्लांटच्या (ऐकू यावं म्हणून शस्त्रक्रियेनं कानात बसवतात त्या यंत्राच्या), विशेषतः जुन्या, मशीनला त्रास होऊ शकतो. बाहेरचं मशीन काढून ठेवायचं का, ते आपल्या ऑडिओलॉजिस्टला विचारून घ्या. न दिसणाऱ्या मुलाला झोक्याचा पट्टा कुठे सुरू होतो हे पायाला कळायला हवं, म्हणून तिथे फरशीचा पोत बदलायला सांगा. स्वमग्न मुलाच्या आईला विचारा, ती आधी कुंपणाबद्दल बोलेल. रस्त्याकडे धावत सुटणारं मूल आणि उघडं कुंपण यांची भीती तिच्याइतकी कुणाला नसते. गोंगाटापासून दूर एखादा शांत कोपरा, एवढंही पुष्कळ असतं.

शेवटी स्वच्छतागृह. दार किती रुंद, आत खुर्ची वळते का, पकडायला दांडा आहे का. आणि कुलूप आहे का. दिव्यांगांच्या स्वच्छतागृहात झाडू-बादल्या भरून कुलूप लावलेलं मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे. त्याचा फोटो काढा, टेप लावून प्रत्येक मापाचा फोटो काढा, आणि फोटोत तारीख येऊ द्या. इतर मुलांचे चेहरे मात्र येऊ देऊ नका.

तिसरी पायरी: अर्ज

घरात आपण मराठी बोलतो, पण अर्ज गुजरातीत द्या. उत्तर लवकर येतं आणि "भाषा कळली नाही" ही पळवाट राहत नाही. एका पानाहून मोठा नको. माझा मसुदा असा होता:

"आपल्या ताब्यातील अमुक बागेत व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलांना प्रवेश मिळत नाही. दिनांक अमुक रोजी घेतलेली मापे: फाटकाची वाट २१ इंच, आतील पायरी ६ इंच, उतार नाही, खेळाच्या साहित्यापर्यंत पक्की वाट नाही. फोटो सोबत आहेत. ही बाग दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खाली सार्वजनिक सुविधा व सेवा आहे. कलम ३, ४५ व ४६ नुसार दिव्यांग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने ती वापरता आली पाहिजे. विनंती: (१) १५ दिवसांत फाटकाशेजारी ९०० मिलिमीटरची मोकळी वाट, (२) ६० दिवसांत उतार व पक्की वाट, (३) पुढील अंदाजपत्रकात पाठ व पट्टा असलेला किमान एक झोका, इतर झोक्यांच्या शेजारीच. काय कारवाई केली ते लेखी कळवावे."

मागण्यांचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. फाटक, मग वाट, मग साहित्य. बरेच पालक आधी महागडा झोका मागतात. तो येतो, उद्घाटन होतं, फोटो छापून येतो आणि तिथवर पोचायला वाट नसते. फाटक रुंद करायला पैसा फारसा लागत नाही, म्हणून 'नाही' म्हणायला कारणही उरत नाही.

अर्ज हाती द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर व शिक्का घ्या. तो शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. शक्य असेल तर आणखी तीन-चार पालकांच्या सह्या घ्या. सुगम्य भारत ॲपवरही फोटोसह तक्रार टाकता येते. टाका, पण शिक्क्याच्या प्रतीऐवजी नव्हे.

चौथी पायरी: महिना उलटला तर माहिती अधिकार

रागावून दुसरा अर्ज लिहू नका, प्रश्न विचारा. माहिती अधिकार कायदा, २००५ खाली गुजरातेत अर्जाची फी २० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. अर्ज गुजराती, हिंदी किंवा इंग्रजीत चालतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं तोंडी म्हणणं लिहून घेण्यात मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचं कायदेशीर काम आहे. उत्तर ३० दिवसांत. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

प्रश्न 'का' असा नको. 'का' ला माहिती म्हणत नाहीत. कागद मागा. माझ्या अर्जावर झालेल्या कारवाईच्या टिपणांच्या नकला. या बागेची सुगम्यता तपासणी झाली असल्यास तिचा अहवाल. बागेच्या शेवटच्या नूतनीकरणाचा मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला. हा तिसरा कागद फार बोलका असतो. नूतनीकरण २०१७ नंतरचं असेल आणि नकाशात उतारच नसेल, तर कलम ४४ चा मुद्दा त्यांच्याच कागदानं सिद्ध होतो.

राज्य सरकारचा 'स्वागत' हा तक्रारनिवारणाचा कार्यक्रम २००३ पासून चालू आहे, जिल्हा पातळीवरही. आवक शिक्क्याची प्रत असेल तर तिथेही जाता येतं.

पाचवी पायरी: राज्य आयुक्त

दिव्यांग व्यक्तींसाठीचे राज्य आयुक्त गांधीनगरला बसतात. कलम ८० खाली ते हक्कभंगाची चौकशी करू शकतात, स्वतःहूनसुद्धा. कलम ८२ नुसार चौकशीपुरते त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत: माणसाला बोलावणं, कागद मागवणं. वकील करावाच लागत नाही. तक्रारीत तुमचं नाव-पत्ता, विरुद्ध बाजू कोण, काय घडलं ते तारखांसह, आणि काय हवं आहे ते लिहा. सोबत मापं, फोटो, शिक्क्याची प्रत, माहिती अधिकाराचं उत्तर. क्रमांक घालून बांधा.

आयुक्त शिफारस करतात, हुकूम नव्हे, हे आधीच माहीत असू द्या. पण कलम ८१ नुसार त्या शिफारशीवर संबंधित कार्यालयानं तीन महिन्यांत कारवाई कळवायची असते, आणि मान्य नसेल तर कारण लेखी द्यायचं असतं. ते लेखी कारण पुढे उच्च न्यायालयात उपयोगी पडतं. कायदा मोडण्याचा दंड कलम ८९ मध्ये आहे: पहिल्यांदा १० हजारांपर्यंत, पुन्हा मोडला तर ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत. अर्जात धमकी म्हणून हे लिहू नये असं माझं मत. बोलण्यातला धागा तुटतो.

अहमदाबादच्या उच्च न्यायालयापर्यंत जायची वेळ फार थोड्यांवर येते. आलीच तर आधी दिवाळीपुऱ्याच्या कोर्टातल्या जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीला, तसंच बायका-मुलांना, मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

जागेवरच अडवलं तर

"बेबी पडली तर जबाबदारी कुणाची?" हा प्रश्न झोक्यापाशी, पाळण्यापाशी, सगळीकडे विचारतात. शांतपणे सांगा की मूल माझ्यासोबत आहे, आणि इतर मुलांना लावता तोच नियम लावा. उंचीची, वजनाची अट सगळ्यांना असेल तर ती मान्य करा. कलम ३ मध्ये सुरक्षिततेसारख्या रास्त हेतूसाठी, हेतूला धरून तेवढाच निर्बंध चालतो. पण केवळ बघून "नाही" म्हणणं चालत नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष यांना २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या नावाखाली विमानातून उतरवलं गेलं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. लेखी नकार मागा, दिला नाही तर वेळ, जागा, शब्द लिहून ठेवा. चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर तो कलम ९२ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा.

सोसायटीच्या कॉमन प्लॉटमध्ये सहसा अशी भांडणं होत नाहीत, नुसती नजर असते. "आमची मुलं घाबरतात." सहकारी सोसायटीही कायद्यात 'खासगी आस्थापना' म्हणून येते, म्हणजे कलम ३ तिलाही लागू. तरीही कलम सांगण्याआधी काही संध्याकाळी तिथे घालवून बघा. आम्ही नातीला घेऊन रोज साडेपाचला तिथे बसू लागलो. दहाव्या-बाराव्या दिवशी मुलं तिच्या खुर्चीच्या ब्रेकची चौकशी करायला लागली, मग खुर्ची ढकलायला भांडू लागली. ज्या आई बोलल्या होत्या, त्यांच्याच मुलीनं पुढे अर्जावर सही करायला घरच्यांना आणलं.

मुलाला विचारा

हे मी शेवटी केलं, तुम्ही मोजण्याआधी करा. माझ्या पहिल्या मसुद्यात 'दिव्यांग मुलांसाठी बागेत स्वतंत्र कोपरा' अशी मागणी होती. मला ती मोठी वाटत होती. नातीनं वाचून विचारलं, "तिकडे दादा येणार का?" तिचा दादा म्हणजे माझा नातू, दोन वर्षांनी मोठा, तो मधल्या झोक्यांवर खेळतो. मी 'स्वतंत्र कोपरा' खोडलं आणि 'इतर झोक्यांच्या शेजारीच' असं लिहिलं. वरच्या मसुद्यातले ते तीन शब्द तिचे आहेत.